शिवेच्या आतून कुर्रर्र

रतनबाईंनी नवस बोलताना एकाच गोष्टीचा विचार केला नव्हता. तो फळेल याचा.

त्यांचा धाकटा भाऊ रामनाथ भरूचला कारखान्यात. लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात पाळणा नाही. मागल्या वर्षी रतनबाईंनी वाडीच्या भैरवनाथापुढे पदर पसरला आणि हळू आवाजात सांगितलं, "देवा, माझ्या भावाच्या घरी लेकरू येऊ दे. ज्या वर्षी येईल, त्या वर्षीचा सगळा चातुर्मास सकाळ-संध्याकाळ तुझ्या दिव्यात मी तेल घालीन, आणि तो सरंपर्यंत वाडीची शीव ओलांडणार न्हाई."

देवाने ऐकलं. श्रावणात रामनाथला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, भरूचला, दुपारी बारा वाजता. आणि बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते ती आत्या. बाळाला आत्या एकच होती, आणि ती त्या बाळासाठीच शिवेच्या आत अडकून बसली होती.

"ताई, देवाला सांग की दोन दिवसांची रजा दे म्हणून," रामनाथ फोनवर म्हणाला.

"देव काय तुझा कारखाना हाय व्हय रं?"

"मग सासूबाई नाव ठेवत्यात. त्यांनी तर ठरवून बी टाकलंय. कियांशी."

"म्हंजी काय?"

"कुणालाच म्हाईत न्हाई."

मागून भावजयीचा, आशाचा, रडवेला आवाज आला, "वन्सं, तुमीच ठेवा हो नाव. काय बी करा."

रतनबाईंच्या मनात नाव होतं. अकरा वर्षांपासून होतं. दर सोमवारी, दर एकादशीला, तुळशीला पाणी घालताना त्या ते मनातल्या मनात एकदा म्हणत. नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं, कारण कानात पडायच्या आधी नाव बाहेर फुटू नये असं त्यांच्या आईने शिकवलेलं.

उपाय सुचवला स्वप्नाने. स्वप्ना पिंपळवंडीची. एका संस्थेने आंबेगाव तालुक्यातल्या बचत गटांना जुने लॅपटॉप वाटले, तेव्हा शिकवायला ती आली होती. लॅपटॉपात नेहमीचं विंडोज नव्हतं, लिनक्स नावाचं दुसरंच काही होतं. रतनबाई गटाच्या सचिव, सातवी शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं ओळखीची, म्हणून तो त्यांच्या घरी आला. त्यांनी त्याला कुंकू लावलं, पोथी बांधायच्या तांबड्या फडक्यात गुंडाळलं, वरून नाडीचे तीन वेढे घट्ट आवळले आणि पोथीशेजारी फळीवर ठेवलं. दर गुरुवारी उघडून पुसत. तो पुसण्यापलीकडे कशाला लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मावशी, तुमच्या देवळामागच्या खांबावर पंचायतीचं वायफाय आहे ना?" स्वप्ना म्हणाली. "त्याला लॅपटॉप जोडू. मग तुम्ही इथे आणि बाळ तिथे, समोरासमोर. मी स्वतः येते. लिनक्सचं वायफाय कधीकधी रुसतं, पण लॅपटॉपाबरोबरच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचं औषध दिलेलं आहे."

बारशाच्या दिवशी सकाळी स्वप्ना निघालीही. पण एस.टी. डिंभ्यापर्यंत आली आणि कंडक्टर म्हणाला, पुढं गाडी जाणार नाही. का, ते ड्रायव्हरला माहीत. आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. साडेदहाला स्वप्नाचा फोन आला तो डिंभ्याच्या स्टँडवरून, मागे मासे विकणाऱ्या बायांचा कालवा.

त्या दिवशी घोडेगावचा बाजार. वाडीतले टचचे चार फोन, चारही आपापल्या धन्यांबरोबर बाजाराला गेलेले. रतनबाईंचा फोन बटणांचा, आणि त्याला रेंज यायची ती फक्त देवळाच्या तिसऱ्या पायरीवर, तेही कुणी हात उंच करून धरला तर. हात उंच करायला पंचायतीचे शिपाई गेणभाऊ आले. शिपाई म्हणून वायफायचा पासवर्डही त्यांच्याकडेच होता आणि तो ते दागिन्यासारखा जपत.

गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी पाटावर लॅपटॉप ठेवला. देवाला पाठीशी घेऊन रतनबाई समोर बसल्या. मागे वळून भैरवनाथाला हात जोडून त्यांनी नाडी सोडली, फडकं उलगडलं आणि झाकण उघडलं.

"थांब," आतून आवाज आला.

आवाज जानकू गुरवांचा. वय ऐंशीच्या पुढे, पाठीला बाक, पण देवाच्या कामात ताठ. "रतनबाय, देवाच्या दारात नवी गोष्ट सुरू करतीस. कौल न घेता?"

कौल म्हणजे काय ते वाडीत तान्ह्या पोरालाही ठाऊक. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर देव होय म्हणाला, डावं पडलं तर नाही. लग्न, विहीर, मेंढरांची खरेदी, सगळं असंच ठरायचं. रतनबाई स्वतः कौलावाचून नवी पोथीही लावत नसत. त्यांनी मान डोलावली.

जानकूबाबांनी पांढऱ्या तगरीची दोन फुलं लावली, डोळे मिटले. "देवा भैरवनाथा, बारा वाड्यांच्या धन्या, हा लापटाप तुझ्या दारात चालू करावा का?"

उजवं फूल टपकन पडलं.

"झालं! आता सुटलो," गेणभाऊ म्हणाले.

सुटले कुठले. स्वप्नाने पेनड्राइव्ह खोचून काळी खिडकी उघडायला सांगितली. काळ्या पडद्यावर नुसतीच एक रेघ लुकलुकत होती. डिंभ्याहून एकेक अक्षर येऊ लागलं, गेणभाऊंच्या उंच हातातून खाली पडू लागलं.

"एस. यू. डी. ओ. आता जागा सोडा... अहो मासेवाल्या मावशी, तुम्हाला नाही म्हटलं, मला वाम मासा नकोय! हां, जागा सोडा."

रतनबाई उजव्या हाताच्या एकाच बोटाने, जपाचा मणी ओढावा तशा, एकेक अक्षर दाबत गेल्या. मग लॅपटॉपाने पासवर्ड मागितला. त्या दाबू लागल्या, पण पडद्यावर काहीच उमटेना.

"स्वप्ना बाय, ह्यो घेईना. काईच दिसत न्हाई."

"दिसणार नाही मावशी. दिसत नसला तरी आत जातोय. घाबरू नका."

रतनबाई मुळीच घाबरल्या नाहीत. अकरा वर्षं त्या एक नाव असंच घेत आल्या होत्या. त्यांनी शांतपणे पुरा पासवर्ड दाबला. पडद्यावर भराभर ओळी सरकल्या आणि शेवटी एक प्रश्न येऊन थांबला.

"पुढं जाऊ का, असं इचारतंय. वाय का एन म्हणून."

"वाय म्हणजे होय, एन म्हणजे नाही. वाय दाबा."

रतनबाईंचं बोट वायवर पोचलं होतं. तेवढ्यात जानकूबाबा खाकरले. "होय-न्हाई? देवाच्या म्होरं? आन् ते ठरीवनार ती डिंभ्याची बाय?"

"बाबा, मशीनचा सवाल हाय ह्यो," गेणभाऊ म्हणाले.

"सवाल कुनाचा का असंना. जवाब ह्या दारात एकच देतो." त्यांनी फुलं लावलीही. "देवा, पेनडराइवातलं औषध ह्याला पाजावं का?"

डावं पडलं.

रतनबाईंनी एन दाबला. काळ्या खिडकीत एकच शब्द उमटला. त्यांनी तो अक्षर अक्षर वाचून दाखवला, "ए, बी, ओ, आर, टी."

"अबॉर्ट? म्हणजे रद्द?" स्वप्ना ओरडली. "मावशी, एन कुणी दाबला?"

"मी. पर सांगितलं देवानी."

डिंभ्याकडून बराच वेळ नुसता माशांचा भाव ऐकू आला. स्वप्नाच्या घरी देवाला कौल लावायची रीत नव्हती; तिच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात हात जोडायची जागा वेगळी होती. पण कुणाच्या श्रद्धेवर पाय द्यायचा नाही, हेही तिला घरातच शिकवलेलं. ती सावरून म्हणाली, "बरं. मग देवाला परत एकदा विचारता येईल का? नीट समजावून?"

"एकच सवाल देवाला एका दिसात दोनदा न्हाई," जानकूबाबा म्हणाले. "ऐकू आलं न्हाई का देवाला?"

अकरा वाजले. स्वप्नाने दुसरी वाट काढली. आत आधीच वायफायचं जुनं ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, बसलेलं असेल तर ते काढून बघू, म्हणाली. पुन्हा एस, यू, डी, ओ. पुन्हा न दिसणारा पासवर्ड. पुन्हा तळाशी तोच प्रश्न, वाय का एन.

"देवा, आत बसल्यालं काढावं का?"

डावं.

"आर, टी," रतनबाईंनी शेवटची दोनच अक्षरं सांगितली. बाकीची आता सगळ्यांना पाठ होती.

"ह्यो देव काय वायफायच्या इरोधात हाय का?" गेणभाऊ कळवळून म्हणाले. त्यांनी हात बदलला, तेवढ्यात रेंज गेली, आणि रेंज परत येईपर्यंत सव्वाअकरा. "वैनी, माझा खांदा गेला. त्या पोरीचं नाव कियांशी असलं तर काय बिघाडतंय? कायतरी देवाधर्माचंच असंल."

रतनबाईंनी पदराने कपाळ टिपलं. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणी नव्हतं. नाव ठेवल्याशिवाय घ्यायचं नाही असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं होतं. रामनाथ पाळण्यातला होता तेव्हा आईचे हात शेणात असत आणि पाळण्याची दोरी रतनबाईंच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. आता त्याच्या लेकीच्या पाळण्याची दोरी भरूचात कुणाच्या तरी हातात होती. इथे त्यांच्यापुढे एक काळी खिडकी, आणि पाठीशी नाही म्हणणारा देव. देवावर त्या रागावल्या नाहीत. रागवायची सवय नव्हती. फक्त मनात म्हणाल्या, तू न्हाई म्हणतोस त्याला कायतरी कारण असंल, पण ते बाराच्या आत सांग.

"मावशी," स्वप्ना म्हणाली, "आता मी अशी आज्ञा सांगते की ज्यात मशीन काही विचारणारच नाही. म्हणजे कौल नको. चालेल ना बाबांना?"

जानकूबाबांनी विचार केला. "सवालच न्हाई तर माझं काय काम?"

आर, एफ, के, आय, एल, एल. जागा. एल, आय, एस, टी. एंटर.

तीन ओळी आल्या. रतनबाई शेवटची वाचू लागल्या, "एच, ए, आर, डी... बी, एल, ओ... फुडं येस लिवलंय."

"हार्ड ब्लॉक्ड, येस!" स्वप्ना इतकी ओरडली की डिंभ्याच्या मासळीवाल्या गप्प झाल्या. "अहो मावशी, म्हणजे आतलं काहीच बिघडलेलं नाही! औषध लागतच नव्हतं! वायफायचं बाहेरचं बटणच कुणीतरी बंद केलंय. जुन्या लॅपटॉपला कडेला असतं. उजवीकडं बघा, बारीक सरकतं बटण."

"येस म्हणून सांगितलं कुनी?" जानकूबाबांनी विचारलं. "तिच्यात बी कौल हाय?"

"तिचा तिचा असंल, मामा," रतनबाई म्हणाल्या.

त्यांनी उजव्या कडेवरून बोट फिरवलं. बटण सापडलं. आणि ते जिथे होतं तिथेच नाडीचे तीन वळ उमटले होते, तांबडा रंग लागलेले. पोथी सैल राहू नये म्हणून त्या नाडी त्याच अंगाने मागे ओढून आवळत. दर गुरुवारी, न चुकता, भक्तिभावाने त्या वायफाय बंद करत आल्या होत्या.

त्यांनी बटण पुढे सरकवलं. तांबडा ठिपका निळा झाला.

"म्हंजी देव बराबर म्हणत व्हता," जानकूबाबा छाती फुगवून म्हणाले. "औषध न्हाई, काढणं न्हाई. दोनी येळंला."

"मग बटण कुठं हाय ते बी सांगायचं की!" गेणभाऊ म्हणाले.

"कौलात होय-न्हाईच असतं. पत्ता नसतो."

पडद्यावर पंचायतीचं नाव आलं आणि पासवर्ड मागितला गेला. गेणभाऊंनी फोन जानकूबाबांच्या हातात दिला, चारी बाजूंना पाहिलं आणि रतनबाईंच्या कानाशी वाकून तो सांगितला. सांगून झाल्यावर म्हणाले, "वैनी, आता इसरून जा." पंखा उघडावा तशी चिन्हाची वळणं एकेक करून भरली. वायफाय लागलं. अकरा पन्नास.

स्वप्नाने व्हिडिओ कॉलचा पत्ता सांगितला, मग खोलीचा नंबर म्हणून नऊ अक्षरं. रतनबाईंचं बोट आता जपापेक्षा जरा वेगाने चालत होतं. बारशाची खोली उघडणार, एवढ्यात मध्ये एक चौकोन आला.

"कॅमेरा आन् माइक वापरू द्यायचा का, इचारतंय," त्या म्हणाल्या. हाही होय-नाहीचाच प्रश्न होता.

जानकूबाबा तर गंभीरच झाले. "कॅमेरा? तुझ्या मागं देव हाय. देवाला भरूचापातूर दाखवायचं का, ह्यो लई मोठा सवाल हाय." त्यांनी गेणभाऊंकडे फोन दिला, फुलं निवडून घेतली, एरवीपेक्षा जास्त पाणी लावून चिकटवली आणि देवाला सगळी हकिकत सांगितली, भरूच कुठे आहे त्यासकट.

फूल पडेना.

उजवं नाही, डावं नाही. चार-पाच दिवसांच्या झडीने देवाचा दगड ओलसर झालेला, आणि तगरीची पाकळी त्याला चिकटून बसलेली. तिघं फुलांकडे बघत राहिले. फोनवरून स्वप्ना म्हणाली, "पडलं का?" हे विचारल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"देव इचार करतोय," जानकूबाबा कुजबुजले.

अकरा चोपन्न. गेणभाऊंनी हळूच फुंकर मारायला तोंडाचा चंबू केला. जानकूबाबांनी असं पाहिलं की चंबू तसाच राहिला. अकरा सत्तावन्न. फोनात मध्येच दुसऱ्या कॉलची टूक टूक सुरू झाली, रामनाथच असणार.

रतनबाईंनी देवाकडे पाहिलं. रोज दोन वेळा त्या दिव्यात तेल घालताना पाहत होत्या तोच चेहरा, शेंदराआड डोळे तसेच. त्यांनी हात जोडले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "जानकूमामा, कौल कशासाठी लावायचा? मनात संशय असला तर, न्हवं?"

"व्हय. आमच्या बापापासनं तसंच."

"मग मला संशय न्हाई."

आणि त्यांनी होय दाबलं.

जानकूबाबांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, मग सकाळधरनं देवाला तरास कशाला दिलास?"

"मी कुठं दिला, मामा? तुमीच इचारत व्हता."

तेवढ्यात पडदा उजळला आणि सबंध पडदाभर एक कान आला.

नुसता कान. रामनाथने फोन पाळण्यात बाळाच्या डोक्याशी टेकवून ठेवला होता, आत्याचं तोंड कानाजवळ असावं म्हणून. गुलाबी, चुरगळलेला, वर बारीक लव असलेला, हाताएवढा मोठा झालेला कान. मागून सगुणाबाईंचा, रामनाथच्या सासूबाईंचा आवाज, "झाले बारा! मी ठेवते, कियां—"

"आई, थांब! वन्सं आल्या!" आशा किंचाळली.

रतनबाई लॅपटॉपवर वाकल्या. पदर डोक्यावर ओढून त्यांनी पडद्याभोवती आडोसा केला, कानाशी तोंड नेलं. गेणभाऊ ऐकायला पुढे झुकले. जानकूबाबांनी त्यांचं उपरणं धरून मागे ओढलं.

"कुर्रर्र," रतनबाई म्हणाल्या. "इंद्रायणी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या नावाला आवाज मिळाला. पडद्यावरचा कान हलला. मग बाळाने डोकं वळवलं आणि कानाच्या जागी एक डोळा आला, काळाभोर, आणि तो सरळ रतनबाईंकडे बघत राहिला. त्यांच्याकडे, की त्यांच्या मागच्या भैरवनाथाकडे, ते मात्र कुणालाच नक्की सांगता आलं नसतं.

"इंद्रायणी! इंद्रायणी!" रामनाथने मोठ्याने सांगितलं. आणि मग रीतीप्रमाणे बाया उठल्या. आत्याने नाव ठेवलं की तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या. पाठ तर समोर नव्हती. होता तो फोन. कुणीतरी तो पाळण्यातून उचलून पालथा घातला, आणि दहा-बारा बायांनी हसत-ओरडत फोनच्या पाठीवर बुक्क्यांचा पाऊस पाडला. देवळात ढोल वाजावा तसा आवाज घुमला, पडदा थरथरला, आणि काळा झाला.

देवळात सगळं शांत झालं. गेणभाऊंनी दीड तासाने हात खाली घेतला, तो पहिल्यांदा अर्ध्यातच थांबला.

जानकूबाबा मागे वळले. दोन्ही फुलं खाली पडलेली होती. बुक्क्यांच्या दणक्याने पडली, की आधी, की नंतर, उजवं पहिलं की डावं, कुणी पाहिलं नव्हतं. बाबांनी घटकाभर खाली बघितलं, वाकून दोन्ही फुलं उचलली आणि ठणकावून म्हणाले, "उजवं."

जानकूबाबांनी तीर्थ दिलं, ते घेऊन रतनबाईंनी सकाळचा उपवास सोडला.

गेणभाऊंनी हात पुन्हा वर केला तेव्हा आधी स्वप्ना बोलली, "मावशी, मला इथून ऐकू आलं. ढोल होता का तो?" आणि नाव विचारून, "छान आहे," म्हणाली. मागून कंडक्टरची शिट्टी वाजली. ड्रायव्हर चहावरून आला होता आणि गाडी आता वाडीकडे निघाली होती.

"ये गं बाय. चातुर्मासाचा सैपाक हाय, कांदा-लसूण नसंल, पर नाचणीची गरम भाकर करते."

लगोलग रामनाथचा फोन आला, कुणाच्या तरी दुसऱ्या फोनवरून. "ताई, नाव लई झ्याक! आशा रडतीय. पर माझ्या फोनची काच गेली गं. चौदा बुक्क्या बसल्या."

"अरे मेल्यांनो, त्या माझ्या व्हत्या!"

"मग आता?"

रतनबाई लॅपटॉप फडक्यात गुंडाळत होत्या. नाडीचा तिसरा वेढा उजव्या कडेशी आला, तसा त्यांनी तो उलगडला आणि डावीकडून घेतला.

"आता कार्तिकात नवस फिटला की येते भरूचला," त्या म्हणाल्या. "बायांना सांग, पाठ घिऊन येते म्हनावं. चौदाच्या चौदा राखून ठिवा."